‘नाही’वर पडलेली थाप

आमचा रॉक बँड प्रसिद्ध आहे. मालवणात तरी आहे, त्यापलीकडे आम्ही विचारलेलं नाही.

बँडमध्ये तीन माणसं. ड्रमवर माझा दादा, बापू. तो भजनात पखवाज वाजवत मोठा झाला, त्यामुळे गाणं कुठलंही असो, तिसऱ्या कडव्याला त्याचा गजर होतो. गिटारवर शेजारचा मिनीन. तो चर्चच्या क्वायरमध्ये शिकला, म्हणून आमच्या संतप्त गाण्यांतही कुठेतरी नाताळ येतो. शब्द आणि आवाज माझे. मी पत्रकं लिहून तयार झालेली कार्यकर्ती. माझ्या गाण्याला चाल नसते, मागण्या असतात.

या तिघांना एकत्र शिजवतात मिनीनचे वडील, कायतानकाका. वेंगुर्ल्यात काजूच्या जुन्या गोदामात त्यांनी भिंतींना गोणी ठोकून स्टुडिओ केलाय. कोणाचा आवाज पुढे, कोणाचा मागे, हे ते ठरवतात. म्हणजे आमचा बँड खरं तर त्यांच्या बोटांत असतो. हे मला मान्य नव्हतं.

त्या वेळी प्रश्न गंभीर होता. बाहेरचे मोठे ट्रॉलर आमच्या जेटीला लागू द्यायचे की नाही, यावर सुनावणी होती. ते आले तर माझ्या आईच्या पाटीत विकायला मासळी उरणार नव्हती. मत्स्य खात्याचे साहेब जेटीवर येऊन लोकांचं म्हणणं ऐकणार होते. मी गाणं लिहिलं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी एकच ओळ: ‘ट्रॉलरना इथे येऊ देणार नाही’.

रेकॉर्डिंग ऐकून काकांनी कपाळाला हात लावला.

“रूपा, तुझ्या ‘नाही’वर बापूची थाप पडता. शब्द मरता गो.”

“मग?”

“बापूचो ड्रम थंय खाली घेतंय.”

“का? कष्टकऱ्याचा आवाज दाबायचा?”

“कोण कष्टकरी?”

“मी,” दादा म्हणाला. त्याला पहिल्यांदाच कोणीतरी कष्टकरी म्हटलं होतं.

“मगे ‘नाही’ आधी घाल. ‘नाही येऊ देणार’ म्हण.”

“मागणी फिरवायची नसते, काका.” (हे वाक्य माझ्याच एका पत्रकातलं होतं. तेव्हाही कोणी वाचलं नव्हतं.)

मग मी बँडमधल्या समतेवर भाषण केलं. एकाला पुढे आणि दुसऱ्याला मागे ठेवणं ही सरंजामशाही आहे, सगळ्यांचे आवाज सारखेच हवेत. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मिक्सरची सगळी बटणं एका रेषेत आणली आणि म्हणाले, “घे तुझी समता.”

सुनावणीच्या दिवशी साहेब खुर्चीत बसले. आई पाटी बाजूला ठेवून पुढ्यात बसली. मी कर्ण्यावर गाणं लावलं.

पहिलं कडवं झालं. ‘ट्रॉलरना इथे येऊ देणार’, आणि धाडकन थाप. ‘नाही’ समुद्रात गेलं. तिसऱ्या कडव्याला दादाचा गजर सुरू झाला. आता आमच्याकडे गजर लागला की माणूस विचार करत नाही, बुवांच्या मागून ओळ धरतो. अख्खी जेटी टाळ्या वाजवत गाऊ लागली, “येऊ देणार, येऊ देणार!” त्यात मिनीनची गिटार अशी मंगल की ट्रॉलरच्या स्वागताला आता केक कापतील असं वाटलं.

साहेबांचा चेहरा उजळला. “म्हणजे आपला पाठिंबा आहे. उगाच ऐकत होतो विरोध आहे म्हणून.”

आई उठली. “सायबानू, ता गाणा माझ्या चेडवाचा. शेवटाक ‘नाय’ आसा.”

“कुठे?”

“आसा थंय. आयकाक येना.”

साहेबांच्या सांगण्यावरून मी पुन्हा लावलं. जेटीने पुन्हा गजर धरला, या वेळी सरावाने.

“शिरा पडो तुझ्या तोंडार,” आई मला म्हणाली. “दीड म्हयनो घरात ‘नाही, नाही’ बोंबलत व्हतंस, आणि हय एक ‘नाही’ गावना नाय?”

मी काकांकडे पाहिलं. ते गोव्याच्या दिशेला पाहत होते.

शेवटी साहेबांनी कर्णा बंद करायला लावला आणि लोकांना सरळच विचारलं, “ट्रॉलर नकोत, असंच ना?”

“व्हय,” सगळे म्हणाले. साहेबांनी तसं लिहून घेतलं. प्रकरण कडवं, ताल, समता यांच्याशिवाय मिटलं. मला ते जरा लागलं, पण आईची पाटी वाचली होती.

उठताना साहेबांनी सहज विचारलं, “पुढच्या सुनावणीला पण हे गाणं ठेवणार आहात का?”

“नाय!” अख्खी जेटी म्हणाली. एका दमात, एका सुरात. आईचा आवाज सगळ्यांत पुढे.

कायतानकाका माझ्या कानाशी वाकले. “हो टेक बरो इलो.”

इतका स्वच्छ नकार आमच्या बँडने अजून रेकॉर्ड केलेला नाही. मिळाला तोही मलाच.