चाळीस लेकरांची नजर

माझं शिकणं चौथीपर्यंतचं. डोक्याच्या आत काय चालतं हे मला काय कळणार? पण एकदा डोळ्यांनी पाहिलं ते खरं. ते कुणाला सांगायला माझी जीभ कधी उचलली नाही, म्हणून वहीत लिहिते.

माझी थोरली पोरगी चौथीत होती. आम्ही मुकुंदवाडीत राहत होतो. तेव्हा वाडीच्या भोवती ज्वारीची शेतं होती आणि शहराला औरंगाबाद म्हणत. मी गुलमंडीतल्या एका दुकानाच्या साड्या घरी आणून फॉल लावायची. पोरगी शाळेतून आली की साडीचं दुसरं टोक ताणून धरायची, म्हणजे फॉलला झोल पडत नसे. टोक हातात आलं की ती आपसूक पाढे म्हणायला लागायची. तेराचा, सतराचा, पार एकोणतीसचा. मी टाका घालायची नि ती पुढं जायची. कधी अडली नाही.

शाळेत मात्र तिला एकही पाढा येत नव्हता. बाईंनी उभं केलं की मुकी. सहामाहीला तोंडी परीक्षेत भोपळा मिळाला. बाईंनी निरोप धाडला की पोर अशीच राहिली तर चौथी निघणार नाही. आमचे हे जेवता जेवता म्हणाले, "निघाली तर पुढं शिकंल, नाय निघाली तर माझ्या बहिणीकडं जाईल, तिचं लेकरू सांभाळायला." रागानं नाही म्हणाले, बाजारला कधी जायचं ते ठरवावं तसं म्हणाले. तिकडं गेलेली पोर पुन्हा पाटीजवळ येत नसते, हे मला ठाऊक होतं.

मग मला जे येत होतं ते मी केलं. रोज सकाळी शाळेला निघायच्या आधी तिला पाटावर बसवून मीठ, मोहऱ्या आणि सात मिरच्या उतरवून चुलीत टाकायची. मिरचीचा ठसका आला नाही की मी म्हणायची, बघ, केवढी नजर लागली तुला. ती विचारायची, "कुणाची गं माय?" मी म्हणायची, "वर्गातलीच कुणाची तरी असंल. जपून राहत जा." असं दोन महिने चाललं. शाळेत पाढे काही आले नाहीत. उलट ती सकाळचं जेवेना झाली.

एके दिवशी ती डबा विसरून गेली. तो द्यायला मी शाळेत गेले. आत जायचा धीर होईना, म्हणून खिडकीपाशी उभी राहिले. नेमकं तेव्हाच बाईंनी तिला उभं केलं. पोरीनं पाढ्याला तोंड उघडलंच नाही. ती मान वळवून एकेका लेकराकडं बघत होती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग तिनं पाटी उचलून तोंडापुढं धरली. सगळा वर्ग हसला.

घरी आल्यावर मी विचारलं, काय बघत होतीस? ती म्हणाली, "कुणाची लागली ते बघत होते. चाळीस जण हायत माय, कळत नाय."

बुजरी ती आधीपासून होती, माझ्यावरच गेलेली. पण प्रत्येक डोळ्याला भ्यायला मीच तिला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडं गेले. परक्या माणसापुढं माझा आवाज फुटत नाही, तरी पदर तोंडाशी धरून सगळं सांगितलं. मिरच्यांचंही सांगितलं. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, ती घरी नेमकी कुठं बसून म्हणते? मी साडीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग शनिवारी शाळा सुटली की सुई-दोरा घेऊन या. माझ्या एका साडीला फॉल लावायचाच आहे."

शनिवारी व्हरांड्यात चटई टाकली. मी टाके घालत होते, पोरीनं टोक धरलं होतं. बाई शेजारी शेंगा फोडत बसल्या. बऱ्याच वेळानं, तिच्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "तेरा साते किती गं? माझ्या मेलीच्या ध्यानातच राहत नाही."

"एक्क्याण्णव," पोरगी म्हणाली. आणि थांबली नाही. तेराचा संपवला, चौदाचा घेतला. बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. माझी सुई बोटात गेली. मग वर्गात उभं केलं की हे सगळं कुठं जात होतं? हरवलं नव्हतं, जागच्या जागीच होतं. फक्त भीती आली की दार लागत होतं.

पुढच्या शनिवारी बाईंनी दोन पोरींना थांबवून घेतलं, त्याच्या पुढच्या वेळी पाच जणींना. कुणी टोक धरायची, कुणी दोरा ओवायची. त्या पोरींना घेऊनच मग बाईंनी वर्गात पाढे सुरू केले. मी मिरच्या उतरवणं बंद केलं. पहिल्या दिवशी पोरगी आपण होऊन पाटावर जाऊन बसली. मी म्हणाले, "ऊठ. तुला कुणाची लागली नाय. मला उगंच तसं वाटलं होतं." आई चुकली हे तिला खरं वाटायलाच आठ दिवस लागले.

वार्षिक परीक्षेला तोंडी घ्यायला दुसऱ्या शाळेचे गुरुजी आले. पोरगी घरी आली तेव्हा मी उंबऱ्यातच उभी होते. काही विचारायच्या आधी तीच सांगायला लागली, "माय, उभं केलं की आधी पोटात गोळा येतो. मग कानात शिट्टी वाजती. मग पाढा पुसून जातो, पाटी पुसल्यावानी. आज गोळा आला, शिट्टीबी वाजली, पण पाढा पुसला नाय."

नऊ वर्षांची पोर. आपल्या डोक्यात काय घडतं ते ती आतून बघून आली होती आणि मला सांगत होती. माझ्या चौथीत मलाही ती शिट्टी ऐकू आली असेल, पण ती भीतीची आहे हे मला कधी कळलंच नाही. मी समजले, आपण मठ्ठ.

जूनमध्ये हे तिला पाचवीत घालायला घेऊन गेले. ती पुढं चालत होती, नव्या वाटेनं. मी दारातून तिच्या डोक्याकडं बघत राहिले. दोन वेण्या, मधोमध भांग. एवढंसं तर डोकं.