पावणेतीनला कोणी नेमलं?

मोबाईलवर लोक आपापले अनुभव लिहितात, ते मी दुपारी वाचते. भीती वाटत नाही, हसूच जास्त येतं. देवाला दिवा लावते, पण बाधा, उतारा, अंगारा... यातलं काही आजवर मानलं नाही. म्हणूनच स्वतःच्या घरात घडलेलं सांगायला लाज वाटते. माझी शाळा चौथीपर्यंत. पाठवायचा धीर नाही, म्हणून वहीत लिहून ठेवते.

आमची खोली लालबागला, चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून तिसरी. आम्ही तिघं — मी, आमचे हे आणि मुलगी मयूरी. साखरेमुळे ह्यांची नजर दोन वर्षांपूर्वी गेली. गिरणीत राबलेला माणूस, पण पेपर शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारा. नजर गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मला म्हणायचे, "तू वाच." पण जोडाक्षर आलं की माझी जीभ अडते, आणि बाहेर गॅलरीत माणसं असतात...

मयूरी एका कंपनीत प्रोग्रामची पॅकेजेस बनवते — म्हणजे दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये नीट बसतील असे गठ्ठे बांधते. तिने घरी एक जुना कॉम्प्युटर आणून त्यावर वाचून दाखवणारा प्रोग्राम टाकला. दुपारी तीनला आपोआप पेपर सुरू. आवाज म्हाताऱ्या पुरुषासारखा, घोगरा, थांबत थांबत. हे उठून बसायला लागले. बातमीशी भांडायला लागले. माझा माणूस मला परत मिळाला.

यंदा गणपतीनंतर तो आवाज शब्द गिळायला लागला. मध्येच थांबायचा. दोन दिवस हे पुन्हा भिंतीकडे वळले. मयूरी म्हणाली, "हा जुना झाला, आता त्याची दुरुस्ती कोणी करत नाही. एक दिवस बंदच पडेल, मग तीनला कोणीच वाचणार नाही." तिने नवा वाचणारा टाकला. बाईचा, स्वच्छ आवाज.

"मग जुन्याला काढलंस?" ह्यांनी विचारलं.

"नाही बाबा, दोघंही आहेत. कॉम्प्युटर फक्त 'वाचणारा' म्हणून हाक मारतो. ओ कोणी द्यायची ते एक यादी ठरवते. प्रत्येकाला नंबर असतो, मोठा नंबरवाला आपोआप पुढे येतो. पण आपण हाताने एकाला नेमलं, तर नंबर कितीही असो, तोच."

हे हसले. "अगं, हे तर आमचं बदली कामगारांचं झालं! साचा, म्हणजे माग, तोच, कापड तेच, माणूस कोणीही. कायमवाला आला नाही की पावणेतीनला जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, गेटवर बदलीवाल्याचं नाव पुकारणार. तीनला तो साच्यावर उभा."

"तेच. फक्त इथे जॉबर मी," मयूरी म्हणाली आणि तिने नव्याला नेमलं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजले, पेपर सुरू झाला — आवाज जुनाच.

"आई, तू काही दाबलंस?" मयूरीने संध्याकाळी घरी आल्यावर विचारलं.

"मी? मी त्याच्यावरची धूळसुद्धा फुंकून काढते."

तिने नवा पुन्हा नेमला. परत जुना आला. तिसऱ्या दिवशीही तेच. कॉम्प्युटर स्वतःची नोंद ठेवतो, ती मयूरीने उघडली. तिन्ही दिवस, दुपारी पावणेतीन — जुना वाचणारा, हाताने नेमलेला.

"आपोआप नाही, आई. हाताने. त्याला पासवर्ड लागतो, तो फक्त मला माहीत. आणि त्या वेळी मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. बाहेरून कोणी शिरल्याचंही दिसत नाही."

"कोणी केलं ते लिहिलेलं नसतं?"

"नाही. काय केलं आणि कधी, एवढंच."

चौथ्या दिवशी मी अडीचपासून तांदूळ निवडायचं सूप घेऊन कॉम्प्युटरसमोरच बसले. दाराला कडी लावलेली. हे खाटेवर झोपलेले. कोणी आलं नाही, काही हललं नाही. तीनला तोच घोगरा आवाज. संध्याकाळी नोंद पाहिली... पावणेतीन.

मयूरी चिडली. "आज जुन्याला मुळासकट काढते."

"रवांदे गो त्येका," हे म्हणाले, म्हणजे राहू दे त्याला. मनातून बोलले की ह्यांची मालवणी येते. मग जे सांगितलं ते लग्नाला इतकी वर्षं होऊन मी पहिल्यांदा ऐकलं.

हे बदली होते तेव्हा भिकाजीदादा म्हणून कायमवाला होता. तो आजारी पडला आणि त्याचा साचा ह्यांना मिळत गेला. एक दिवस तो खोकत आला, म्हणाला, आज मी उभा राहतो. हे साच्यावरून उतरले नाहीत. म्हणाले, जॉबरने मला नेमलंय. भिकाजीदादा तसाच खोकत परत गेला आणि त्याच आठवड्यात वारला. त्याच साच्यावर हे कायम झाले.

"वाचता वाचता थांबतो ना... तसाच थांबायचा बोलताना," हे म्हणाले.

मयूरी कॉम्प्युटरपाशी गेली. तिने स्वतःच जुना वाचणारा नेमून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तीनच्या आधी हे कॉम्प्युटरकडे तोंड करून बसले. "दादा, साचो तुझोच," एवढंच म्हणाले. मग रोज अडखळणारा पेपर ऐकत राहिले. अर्धी बातमी कळायची नाही, तरी भिंतीकडे वळले नाहीत.

आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी तीनला बाईचा आवाज आला. मी दचकून ह्यांच्याकडे पाहिलं. हे थोडा वेळ ऐकत राहिले.

"दादा गेलो वाटता. ह्या खेपेक आपणहूनच उतारलो," म्हणाले, आणि पहिल्याच बातमीशी भांडायला लागले.

नोंदीत पावणेतीन. नवा वाचणारा, हाताने नेमलेला. मयूरीने शपथ घेतली की तिने काही केलं नाही. वेळ लावून ठेवलेला एखादा हुकूम विसरून राहिलाय का, तेही तिने शोधलं. काही सापडलं नाही. त्यानंतर एकदाही बदल झालेला नाही.

भूत होतं असं मी म्हणणार नाही. मयूरी म्हणते, कुठेतरी चूक असेल, मला दिसत नाही एवढंच. असेलही. पण चूक आठ दिवस थांबेल का... आणि बरोबर उलट्या बाजूने होईल का? आजही पावणेतीन वाजले की माझा तांदळातला हात थांबतो. मी पडद्याकडे बघत बसते. बसायला कोणी यावं असं काही नाही, तरी त्या कॉम्प्युटरसमोरची खुर्ची तेवढा वेळ मी रिकामी ठेवते.