पॅडलपाशी बसवलेलं खोटं

बंडूदादा गेल्याची बातमी मला लुकलुकणाऱ्या चौकटीत मिळाली. सकाळी साडेसातला मी कांदिवलीत मैदानामागच्या रस्त्यावर एका शिकाऊ बाईंना रिव्हर्स शिकवत होते. फोन थरथरला आणि ॲक्सेसरीवाल्यांच्या कुठल्याशा ग्रुपवरून फिरत फिरत आलेला फोटो समोर आला. मध्ये बंडूदादाचा हसरा चेहरा, भोवती निळे-जांभळे दिवे पळतायत, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि त्याच्याही खाली तो फोटो बनवून देणाऱ्या दुकानाची जाहिरात. माझा मावसभाऊ. सहा वर्षांनी मोठा, मला सायकल शिकवणारा... मी फोन उलटा ठेवला आणि बाईंना म्हटलं, “क्लच एकदम सोडू नका.” रडू आलं नाही. मनात पहिली गोष्ट आली ती ही, की याला शोभेलसंच झालं.

वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्याच्यावर लिहायचं ठरलं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी बजावलं, चांगलं लिही हं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायची आपल्याकडे सक्तीच आहे. शोकसभेत ती सक्ती मी दीड तास ऐकली. दुकानदारांच्या मंडळाचे अध्यक्ष माईक हातात घेऊन म्हणाले, “बंडूशेठ म्हणजे आपल्या उपनगराचा प्रकाश होता.” याच गृहस्थांना बंडूदादा आयुष्यभर ‘फुगा’ म्हणत आला. आणि तो कसला प्रकाश? पोरांच्या गाड्यांच्या बुडाखाली चिकटवलेल्या बारा व्होल्टच्या निळ्या पट्ट्यांचा. एक जण म्हणाला, बंडूशेठने हजारो गाड्यांना वेग दिला. मी शेवटच्या रांगेत बसून दात आवळले. बंडूदादाने एकाही गाडीला वेग दिला नव्हता, आणि हे त्या हॉलमधल्या प्रत्येक धंदेवाल्याला ठाऊक होतं.

त्याचे हात मात्र सोन्याचे होते, हे लिहिलंच पाहिजे. वडील गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन. मालवणचं घर नुसतं नावाला. हा आयटीआय करून गाड्यांच्या वायरिंगमध्ये शिरला आणि दहा वर्षांत असा तयार झाला की मोठ्या वर्कशॉपमधून नाकारलेल्या गाड्या त्याच्या गाळ्यासमोर येऊन उभ्या राहायच्या. एका डॉक्टरीणबाईंची गाडी चालता चालता कुठेही बंद पडायची. तीन ठिकाणी त्यांना सांगितलं होतं, आतला कॉम्प्युटर बदला. बंडूदादाने बॉनेट उघडलं, दहा मिनिटं काहीच केलं नाही, नुसता एकेका वायरवरून बोट फिरवत राहिला, जसं एखादी बाई वाती करताना कापूस चाचपते तसं. मग खाली वाकून इंजिनापासून बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीचा एक सैल नट आवळला. संपलं. गाडी पुन्हा कधी बंद पडली नाही. पण डॉक्टरीणबाईंचं तोंड वाकडं झालं. “एवढंच होतं?” त्या म्हणाल्या. “एका नटासाठी मला सकाळपासून बसवून ठेवलंत?”

माझ्या मते तो त्या दिवशी बिघडला. मी तिथेच होते, माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची पहिली गाडी त्याच्याकडे उभी होती. बाई गेल्यावर तो म्हणाला, “बघितलंस गो माधे? लोकांना दुरुस्ती नको असते. लोकांना लायटिंग पाहिजे.” आणि त्याने लायटिंग द्यायला सुरुवात केली. डॅशबोर्डखाली निळी पट्टी, दाराच्या खाचेत लाल पट्टी, सीटखाली जांभळी. गाड्या आतून लेडीज बारसारख्या दिसायला लागल्या आणि मालक खूश होऊन त्याच्या पाठीवर थाप मारायला लागले. काम तो तेव्हाही नीटच करायचा. प्रत्येक पट्टीला वेगळा फ्यूज, प्रत्येक जोडावर रबरी नळी. अशा बाष्कळ कामावर असा हात वाया जाताना बघणं मला जास्त असह्य व्हायचं.

मग ती मोड्यूलं आली. आताच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरला पूर्वीसारखी तार नसते. पॅडलच्या मुळाशी सेन्सर असतो, पाय किती दाबला एवढंच तो इंजिनाला कळवतो. हे मोड्यूल त्या दोघांच्या मध्ये बसतं आणि खोटं सांगतं. पाय तीन आणे दाबला असेल तर आठ आणे दाबला म्हणून कळवतं. इंजिनाची ताकद तसूभर वाढत नाही, पण गाडी जराशा स्पर्शाने उसळते आणि चालवणाऱ्याला वाटतं, काय झकास पिकअप आला! बसवायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. गाडी बंद करायची, पॅडलजवळचा प्लग काढायचा, मध्ये ही डबी अडकवायची, टक् असा आवाज आला की झालं.

“दादा, ही शुद्ध फसवणूक आहे,” मी त्याला म्हटलं होतं.

“फसवणूक कसली? त्यांना खोटं ऐकायचंय, मी ऐकवतो. तुका कळूचा नाय.”

मला कळत होतं. त्याला गिऱ्हाइकांची किळस होती आणि मला त्याची. तरी माझ्या विद्यार्थ्यांना गाडीचं काही काम निघालं की मी त्याच्याकडेच पाठवायचे, कारण त्याच्याइतका चांगला वायरमन दुसरा नव्हता. गायकवाड काकांनाही मीच पाठवलं.

गायकवाड काका बोरीवलीला राहतात, पोस्टातून निवृत्त झालेले. एकसष्टाव्या वर्षी माझ्याकडे गाडी शिकायला आले. वहीत सगळं लिहून घ्यायचे, आधी आरसा, मग सिग्नल, मग स्टिअरिंग. “मॅडम, आमच्या घराण्यात पहिली गाडी माझी,” असं त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितलं असेल. काकूंना शेजारी बसवून साताऱ्याकडच्या त्यांच्या गावी स्वतः गाडी चालवत जायचं, एवढीच इच्छा. परवाना मिळाला, त्यांनी वापरलेली ऑटोमॅटिक गाडी घेतली. मागे घेताना अंधारात दिसत नाही म्हणाले, म्हणून मी त्यांना मागचे दिवे बदलायला बंडूदादाकडे धाडलं. तिथे बोलता बोलता काका म्हणाले असतील, चढावर गाडी जरा जड वाटते. बंडूदादाने दिव्यांबरोबर, काही न सांगता, मोड्यूलही बसवून दिलं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी काका सोसायटीच्या आवारातून गाडी बाहेर काढत होते. काकू नेहमीसारख्या पुढे जाऊन फाटक उघडत होत्या. काकांनी पॅडलला पाय लावला आणि गाडी उसळली... काकूंची मांडी फाटकात आणि बंपरमध्ये सापडली. हाड तीन ठिकाणी मोडलं. वर्षभर त्या अंथरुणावर होत्या, अजून काठीशिवाय चालत नाहीत. सोसायटीच्या सेक्रेटरीने सगळ्यांदेखत म्हटलं, “या वयात हौस कशाला करायची?” मुलाने किल्ली काढून घेतली. मी भेटायला गेले तर काका माझीच समजूत घालायला लागले. “मॅडम, तुम्ही व्यवस्थित शिकवलं होतं. पाय माझा चुकला.”

गाडी दुरुस्तीला न्यायला घरात चालवणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी चालवायला बसले. पायाचा अंगठा पॅडलला नुसता टेकवला आणि ती पुढे झेपावली. रस्त्याच्या कडेला थांबवून मी पॅडलच्या वर हात घातला. डबी हाताला लागली. उसळी कमीजास्त करायच्या नऊ पायऱ्या असतात तिला, सातवीवर ठेवलेली होती. मी गाडी तशीच बंडूदादाच्या गाळ्यासमोर नेऊन उभी केली आणि त्याला काय झालं ते सांगितलं. तो वाकला, प्लग काढला, डबी खिशात टाकली, मूळचा प्लग परत लावला. टक्.

“त्यांना सांग,” मी म्हटलं.

“सांगून काय? बाईचा पाय नीट होणार?”

“म्हाताऱ्याला वाटतंय, आपणच बायकोला चिरडलं!”

“पाय त्याचाच होता ना पॅडलवर?” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “आणि त्याला माझ्याकडे पाठवलं कोणी? तूच ना? जा, सांग तू. पाटी खाली उतरेल तुझ्या स्कूलची.”

मी गेले नाही सांगायला. तीन वर्षं गेले नाही. त्याऐवजी मी बंडूदादाचा तिरस्कार करत राहिले, ते सोपं होतं. गाळ्यावर जाणं बंद केलं. भाऊबीजेला ओवाळायला जायचे, पण ताम्हणाकडे बघून ओवाळायचे, त्याच्या तोंडाकडे नाही. आठवड्याभरात रस्त्यावरून जाताना त्याच्या काचेच्या कपाटात मोड्यूलं पुन्हा रांगेने लागलेली पाहिली आणि मनात म्हटलं, हा माणूस संपला. स्वतःची चूक समोर आली की दुसऱ्याची केवढी मोठी दिसते, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

शेवटची भेट त्याच्या घरी झाली. हृदय निकामी होत आलं होतं, पाय सुजलेले, दोन वाक्यं बोलला की दम लागायचा. वहिनी चहा टाकायला आत गेली तेव्हा त्याने हळूच विचारलं, “ते गायकवाड... तिथेच राहतात का अजून?”

“का? घरात लायटिंग करून द्यायचंय?” मी म्हटलं.

त्याने नुसती मान हलवली. हे आमचं शेवटचं बोलणं... हे वाक्य मला आता परत घेता येत नाही.

शोकसभा संपली, लोक समोशांकडे वळले आणि दाराशी गायकवाड काका उभे दिसले. मला वाटलं, माझ्यासाठी आले असतील. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की मरण्याआधी अकरा दिवस बंडूदादा त्यांच्याकडे गेला होता. त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही. सुजलेल्या पायांनी तीन मजले चढला, आत येऊन खिशातून ती डबी काढून टेबलावर ठेवली आणि ती काय करते ते सांगितलं. “काका, तुमचा पाय चुकला नव्हता,” असं म्हणाला. काकू स्वयंपाकघराच्या दारात काठी धरून ऐकत होत्या.

“मग?” मी विचारलं.

“मग काय? मी म्हटलं, ऊठ आणि खाली उतर. हिने पाणी आणलं होतं, ते पण दिलं नाही मी. तीन वर्षं मी हिच्या तोंडाकडे बघत नव्हतो, मॅडम. झोपायला हॉलमध्ये जायचो.” त्यांनी हॉलकडे बोट केलं. “मेला म्हणून मी त्याला माफ केलेलं नाही. इथे आलो ते बघायला, की हे लोक त्याला काय म्हणतात. प्रकाश म्हणे!”

मला हसू आलं, आणि तेवढ्यात ते म्हणाले, “मी त्याला विचारलं, आमच्या मॅडमना हे माहीत होतं का? तो म्हणाला, नाही, तिला काहीच माहीत नव्हतं.”

बंडूदादाने उभ्या आयुष्यात केलेली शेवटची फसवणूक ती. दम लागलेला असताना, तिसऱ्या मजल्यावर, तो माझ्यासाठी खोटं बोलला... आणि मला ते खोटं घेऊन घरी जाता आलं असतं. कोणालाही कळलं नसतं.

“तो खोटं बोलला, काका,” मी म्हटलं. “ती डबी मीच शोधली होती. पहिल्या आठवड्यातच.”

 आतून अध्यक्षांच्या हसण्याचा आवाज येत होता. काकांनी टोपी नीट केली, जिना उतरायला लागले आणि चार पायऱ्या उतरून थांबले. मागे वळले नाहीत. “सोमवारी सकाळी गाडी घेऊन या,” ते म्हणाले. “मला पहिल्यापासून शिकायचंय.”

इथपर्यंतचा हा लेख छापायला देण्याआधी मी वहिनीला वाचून दाखवला. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “छाप. तो असाच होता.”

सोमवारी मी बोरीवलीला गेले. काकू खिडकीत बसल्या होत्या, त्यांनी हात केला नाही. काकांनी ड्रायव्हरचं दार उघडलं आणि तिथेच थबकले. माझ्या शिकवायच्या गाड्यांमध्ये पॅडलच्या वर एक बोटभर लांबीची पिवळसर पट्टी आहे. दार उघडलं की लागते, दार लावलं की विझते. नवशिक्याला बसण्याआधी क्लच कुठे, ब्रेक कुठे हे दिसावं म्हणून बंडूदादाने पहिल्या गाडीपासून प्रत्येक गाडीत न मागता बसवलेली, आणि इतकी वर्षं झाली तरी एकही बंद पडलेली नाही. काका वाकून त्या उजेडात तिन्ही पॅडल बघत राहिले.

“हे त्यानेच बसवलंय?” त्यांनी विचारलं.

“हो.”

ते आत बसले. पाय सावकाश ब्रेकवर ठेवला, आरसा नीट केला, पट्टा बांधला. मग हात लांब करून त्यांनी दार ओढून घेतलं, उजेड गेला, आणि ते म्हणाले, “सांगा, आता काय करू?”