रीतसर हरणारे गृहस्थ

आमच्या शेजारणीच्या वडिलांइतक्या थाटात हरणारा माणूस उभ्या युरोपात झाला नाही, आणि आमच्या नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये तर होणंच शक्य नाही. हे गृहस्थ जपानमधले शोगीचे व्यावसायिक खेळाडू. शोगी म्हणजे तिकडचं बुद्धिबळ. फक्त मारलेली सोंगटी मरत नाही, पक्ष बदलून तुमच्याच उरावर बसते. या खेळात राजा अडकेपर्यंत ताणणं अडाणीपणाचं समजतात. ज्याला आपलं मरण आधी दिसतं त्याने मान लववून स्वतःच म्हणायचं, "हरलो." या गृहस्थांनी अख्खी कारकीर्द खेळाडूंच्या खालच्या श्रेणीत काढून त्या एका शब्दावर असं प्रभुत्व मिळवलं होतं, की म्हणे जिंकणारे ओशाळून घरी जात.

लेकीकडे तीन आठवड्यांसाठी आले आणि लॉकडाऊनमध्ये अडकले. मग इथेही तेच. सुपरमार्केटात टॉयलेट पेपरचं शेल्फ रिकामं दिसलं, की शेल्फपुढे कमरेत वाकून "हरलो". ऐंशीच्या डच आजीने सायकलवर मागे टाकलं, तर खाली उतरून तिच्या पाठीला "हरलो". माझी बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून धावतं समालोचन करायची.

"अरे, ये लवकर. आज कचऱ्याच्या गाडीशी हरलेत."

एकदा कुंपणापलीकडून, दीड मीटर राखून, मी विचारलं, "इतकं हरून वाईट नाही वाटत?"

"जिंकल्यावर वाटतं," ते म्हणाले. "समोरच्याला नीट हरता येत नाही."

मग एक दिवस त्यांची मुलगी कुंपणाशी आली. बाबांचा तिकडे जपानात मोसमातला एक डाव उरला होता. तो हरले तर नियमाप्रमाणे निवृत्ती. आणि विमानं बंद; हजर नाही म्हणजे हरलेच.

"त्यांना काय, सवय आहे," मी म्हटलं. ती हसली नाही.

डावाच्या दिवशी सकाळी पाहतो तर मागच्या बागेत चटई, तिच्यावर पट, आणि पटामागे सूट-टाय घालून गुडघ्यांवर बसलेले गृहस्थ. तिकडून निकालाची ईमेल येऊनही गेली होती.

"पुष्कळ हरलो," ते मला म्हणाले, "पण न बसता कधी हरलो नव्हतो. समोर बसाल?"

"मला शोगी येत नाही हो."

"आजचा माझा प्रतिस्पर्धीही काही फार बरा नव्हता."

साडेदहाची मीटिंग होती. मी लॅपटॉपचा कॅमेरा बंद केला, मास्क चढवला आणि दीड मीटरचा नियम मोडून चटईवर बसलो. त्यांनी सोंगट्या एकेक करून मांडल्या, खोल नमस्कार केला. आता म्हणतील 'हरलो', म्हणून मी मान खाली घालून वाट पाहिली. ते म्हणाले नाहीत. एक प्यादं दोन बोटांत धरून हलकेच पुढे ठेवलं.

मीही एक ढकललं. चुकीचंच असणार. पण त्यांनी त्याचा अर्धा तास विचार केला.