आप्पांच्या बुलेटला स्ट्रोकर

माझ्यासारखा शहाणा अख्ख्या मुलुंडमध्ये सापडायचा नाही. कसा ते सांगतो, चहा घ्या तोवर.

आमच्या आप्पांची, म्हणजे वडिलांची, जुनी बुलेट चार वर्षं बिल्डिंगखाली बंद पडून होती. पंचाहत्तरीला त्यांना तिच्यावर बसवून येऊरच्या डोंगरावर न्यायचं, असं मी ठरवलं. मेकॅनिक पेडणेकरने इंजिन उतरवलं.

"जुन्यावरच काम करू, साहेब. सिलिंडर आतून घासून बोअर मारतो, पिस्टन नवीन टाकतो. वीसेक हजारांत झकास पळेल."

पण मी व्हिडिओ बघून इंजिनिअर झालो होतो ना! "छे रे! स्ट्रोकर बांध." म्हणजे आतला क्रँक बदलून पिस्टनची धाव वाढवायची, की ताकद वाढते. घरीसुद्धा दोन दिवस माझं हेच पुराण चालू होतं.

पेडणेकरने बजावलं, "सव्वा लाख जातील. वर क्लच आणि ब्रेक वेगळे."

"जाऊ देत! जुनं भंगार कोणाला हवंय?"

आणि पेडणेकर जेवायला गेल्यावर मी काय करावं? अख्खं इंजिन रिक्षात घातलं आणि भंगारवाल्याला दोन हजारांत विकून आलो. घासाघीस करून, बरं का!

पेडणेकरने कपाळावर हात मारला. "अहो, मी फक्त आतले पार्ट बदलणार होतो! बाहेरची केस, म्हणजे इंजिनाची पेटी, तीच लागते. इंजिन नंबर तिच्यावर असतो. तो आरसीशी जुळला नाही, तर गाडी रस्त्यावर काढणार कशी?"

वाट लागली! धावत भंगारवाल्याकडे गेलो. तो निवांत.

"ते ना? लगेच गेलं. एक म्हातारे काका रिक्षातून घेऊन गेले."

कुठले काका? त्याला ठाऊक नाही. ज्या गाडीवरून आप्पांनी मला शाळेत सोडलं, ती मी कायमची घालवली होती. खरं सांगतो, घरी येताना रडू येत होतं.

"आप्पा, एक चूक झाली..."

आप्पांनी पेपरातून डोकंही वर केलं नाही. "बाल्कनीत जा."

बाल्कनीत गोणपाटाखाली आमचं इंजिन!

"रद्दी द्यायला गेलो होतो. बघतो तर काट्यावर माझंच इंजिन. साडेतीन हजारांत सोडवलं." मग त्यांनी सावकाश चष्मा काढला. "बोल, तुला कुठल्या भावात देऊ? भंगाराच्या, की स्ट्रोकरच्या?"