चार पानी उत्तर

दुसरी मोठी लढाई संपत आली होती आणि बाजारात कागद मिळेनासा झाला होता, त्या वर्षी मी नेवासा तालुक्यातल्या एका नव्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला गावात मी एकटाच, आणि हे मी कोणाला विसरू देत नसे. दुकानात गूळ मागतानासुद्धा मध्ये एखादा इंग्रजी शब्द पेरायचो. दुकानदार गूळ तेवढाच द्यायचा.

शाळेला अजून सरकारी मान्यता नव्हती. त्या साली आमची पहिली तुकडी मॅट्रिकला बसायची होती: दहा मुलगे आणि एक मुलगी. मान्यता नाही मिळाली तर मुलगे नगरला जाऊन कुठल्यातरी बोर्डिंगात राहून तिथल्या शाळेतून परीक्षेला बसले असते. मुलीचं तसं नव्हतं. तिचा बाप गावातला शिंपी. तिला बघायला येणाऱ्यांना त्याने "मॅट्रिक होऊ द्या, मग बघू" असं म्हणत वर्षभर थोपवून धरलं होतं. भावकी त्याला नावं ठेवत होती, तरी तो हटला नव्हता. पण आणखी एक वर्ष थांबणं त्याच्याही हातात नव्हतं.

श्रावणात इन्स्पेक्टर साहेब शाळा तपासून गेले आणि पंधरा दिवसांनी त्यांचं दोन पानी पत्र आलं. सहा सूचना होत्या. त्यांची पूर्तता महिनाभरात कळवा, मग मान्यतेचं बघू, असा मजकूर. प्रयोगाच्या सामानाला कपाट करा, मुलींसाठी आडोसा बांधा, पुस्तकांची नोंदवही ठेवा, बाजारच्या दिवशी मैदानात बैल बांधू देऊ नका, अशा पाच साध्या गोष्टी. गावात सुतार होता, गवंडी होता, आठवड्यात सगळं उरकलं असतं. सहावी सूचना माझ्याबद्दल होती. इंग्रजीचे शिक्षक उत्साही आहेत, पण ट्रेनिंग झालेले नाहीत. शाळेने त्यांना बी.टी.ला पाठवावं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'उत्साही' हा शब्द तर मला शिवीसारखा लागला.

हेडमास्तर गणिताचे. इंग्रजी पत्र आलं की ते चष्मा पुसायला घेत आणि पत्र माझ्याकडे सरकवत. उत्तर लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी तीन दिवस बसून ते लिहिलं. पहिल्या पाच सूचनांची बोळवण एका परिच्छेदात केली: 'विचार चालू आहे.' उरलेल्या साडेतीन पानांत, शिक्षक हा जन्मावा लागतो, ट्रेनिंगने घडत नाही, हे सिद्ध केलं. त्यात लॅटिनही होतं. त्याचा अर्थ मला तेव्हाही नीट ठाऊक नव्हता.

आमच्या संस्थेची एक पद्धत होती. बाहेर जाणारं प्रत्येक पत्र मंडळापुढे मोठ्याने वाचायचं, मगच अध्यक्षांनी सही करायची. मंडळात इंग्रजी कोणालाच येत नव्हतं, म्हणून पत्राची पारख आवाजावर व्हायची. अध्यक्ष धान्याचे आडते होते. त्यांनी आधी विचारलं, "मास्तर, सायबाचं पत्र किती पानी?"

"दोन."

"आन् आपलं?"

"चार."

"मग बराबर हाय. न्हाईतर आपन दबलो आसं हुतं."

मी उभा राहून वाचलं. लॅटिनपाशी आवाज असा चढवला की बाहेर कोणाचा तरी बैल बिथरला. वाचून झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, "लई जोरात हाय!" आणि झोकात सही ठोकली. माझी छाती चार बोटं वर आली.

टपाल दुसऱ्या दिवशी दुपारी जायचं होतं. सकाळच्या तासाला, उत्तम इंग्रजीचा नमुना म्हणून, तेच पत्र मी मॅट्रिकच्या वर्गाला डिक्टेशन घातलं. हे सांगताना मला आजही मान वर करवत नाही. तिसऱ्या पानावर ती मुलगी उभी राहिली.

"सर, एक इचारू? ह्यात आपन मान्यता कुठं मागितली? आन् कपाट केलं का न्हाई, त्ये बी न्हाई लिव्हलेलं."

"डिक्टेशनमध्ये मध्येच बोलायचं नसतं," मी म्हणालो. "फुलस्टॉप."

तिचं म्हणणं मला तिथल्या तिथे पटलं होतं. पत्र माझ्या खिशातच होतं. पण पुन्हा लिहायचं तर कागद कुठून आणायचा, असं मी स्वतःला समजावलं. कागदाची टंचाई इतकी उपयोगी मला नंतर कधीच पडली नाही. पत्र गेलं.

दिवाळीनंतर साहेबांचं उत्तर आलं. चारच ओळी. सूचनांची पूर्तता झाल्याचं दिसत नाही, मान्यतेचा विचार पुढल्या वर्षी.

मुलगे ट्रंका घेऊन नगरला गेले. मी दोन दिवस कसाबसा काढला आणि तिसऱ्या दिवशी शिंप्याच्या घरी गेलो. चूक माझी आहे, हे त्याला सांगायचं आणि मुलीला नगरला ठेवायची काही सोय होते का ते बोलायचं, असं ठरवून गेलो होतो. ओटीवर दोन परके पाहुणे पान खात बसलेले. शिंप्याने मशीन थांबवलं, माझ्यासाठी घोंगडी पसरली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सुपारी फुटली, मास्तर. आता न्हाई थांबवता येत." आणि मग माझीच समजूत काढायला लागला. "तुमी कायबी मनाला लावून घिऊ नका. आख्खं गाव म्हनतंय, मास्तरांचं पत्र लई जोरात हुतं. सायबच आडमुठा निघाला, त्याला तुमी काय करनार?"

ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तांब्या माझ्या हातात देऊन ती माझ्याकडे बघत राहिली. मला खरं बोलायला तेवढी जागा होती.

मी पाणी प्यालो आणि म्हणालो, "हो ना. साहेबच आडमुठा."