खो दिला की बसावं लागतं

माझ्या डाव्या गुडघ्याची मला किळस यायची. दुखायचा म्हणून राग यायचा तो वेगळा, ही सरळसरळ किळस होती. नांदेडला ऑपरेशन झालं, टाके निघाले आणि गुडघ्याच्या जागी एक सुजलेला, चकचकीत, कोमट गोळा उरला. अंघोळीला साबण लावताना तेवढी जागा मी डोळे मिटून उरकायची.

खो-खो खेळताना खांबाजवळ पाय वळला आणि आत काहीतरी तटकन तुटलं, एवढीच त्याची हकिकत. पण पुसेगावात दुखणं एकट्याचं राहत नाही. बघायला आलेल्या प्रत्येक बाईला गुडघा स्वतःच्या हातानं दाबून बघायचा असतो, त्याशिवाय तिला आल्यासारखं वाटत नाही. कुणाच्या हाताला लसणाचा वास, कुणाच्या बोटाला मिसरी. अंगठा रुतवायचा, मी ओरडले की समाधानानं मान हलवायची, "व्हय, इथंच हाय," म्हणायचं आणि चहा प्यायचा. चहा करायला माय आणि कळ सोसायला मी.

मला हवं होतं ते फार मोठं नव्हतं. मला उकिडवं बसायचं होतं. खो-खोतलं पळणं सगळ्यांना दिसतं, बसणं कुणाला दिसत नाही. पाठलाग करणाऱ्या संघातली एकजण पळते आणि बाकीच्या आपापल्या चौकोनात उकिडव्या बसलेल्या असतात. पळणारीनं बसलेलीच्या पाठीवर थाप मारून खो दिला की बसलेली उठून पळते आणि थाप मारणारीला तिच्या जागी बसावं लागतं. त्यातून सुटका नाही. गुडघा पुरता मिटत नसेल तर तुम्ही कितीही पळा, संघाला तुमचा उपयोग शून्य.

हिंगोलीच्या फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरांनी व्यायाम दिला होता. पाठीवर झोपून टाच सरकवत कुल्ल्याकडं आणायची. ऐकायला सोपं. टाच अर्ध्यावर आली की गंजलेली बिजागरी जबरदस्तीनं वाकवल्यासारखं व्हायचं आणि तोंडून असा आवाज निघायचा की माझीच मला लाज वाटायची. आणि संडासात तर विचारूच नका. डावा पाय पुढं लांब करून, एका हातानं नळ धरून, अर्धवट लटकत बसायचं. पायाचं बोट ओल्या, बुळबुळीत दाराला टेकायचं. रोज. तो स्पर्श आठवला तरी अजून अंगावर शहारे येतात.

तरी टाच हळूहळू जवळ येत होती. नेमकं तेव्हाच मायला माझं कण्हणं ऐकवेना आणि ती बिब्बा घेऊन बसली. आमच्याकडं सांधा धरला की बिब्बा, टाच फुटली की बिब्बा. तिनं तो सुईला टोचून दिव्यावर धरला. काळं तेल गळायला लागलं.

"डॉक्टर न्हाई म्हनले काही लावायला," मी म्हणाले.

"त्यायला काय कळते? तुझी आजी बिब्ब्यावरच जगली. पाय इकडं कर."

मी पाय पुढं केला. घाई मलाही झाली होती.

बिब्बा उतला. ज्यांना तो सोसत नाही त्यांची कातडी भाजल्यासारखी फुगते, त्याला उतणं म्हणतात. गुडघाभर फोड आले, मग ते फुटले, पिवळं पाणी वाहायला लागलं आणि त्यावर माश्या. टाक्यांची खूण कुठली आणि फोड कुठला ते कळेना. पांघरूण चिकटायचं, ओढलं की सालपट निघायचं. घरभर खोबरेलाचा आणि पुवाचा वास. माय खोबरं वाटून लावायची आणि वर मलाच विचारायची, "आमाला सगळ्याइला सोसते, तुलाच काहून सोसंना?" जणू मी परीक्षेत नापास झाले होते.

जखम भरेपर्यंत पाय हलवणं बंद. भरली तेव्हा गुडघ्याचं पुन्हा लाकूड झालं होतं. सगळं पहिल्यापासून. कितीतरी दिवस मी मायशी धड बोलले नाही.

शेवटी शाळेच्या मैदानावर जायला लागले. सरळ पळणं लवकर जमलं आणि तीच पंचाईत झाली. "पळती तर बराबर, मग बसाया काय झालं?" आमच्या प्रशिक्षक मॅडम विचारायच्या. मी मैदानाच्या कडेचा लोखंडी पाइप धरून बसायचा सराव करायची. बिब्ब्याचे काळे डाग ताणून चिरायचे. दात आवळून, मनातल्या मनात शिव्या घालत मी रोज थोडी खाली जायची.

मग कळमनुरीच्या संघाबरोबर सरावाचा सामना ठरला आणि मॅडमनी मला घेतलं. मायही हट्टानं बघायला आली. सुरुवातीला पळणारी मीच होते. समोरच्या संघातली पोरगी हातभर पुढं, आमची कॅप्टन माझ्याकडं पाठ करून तयार बसलेली, आणि मी तिच्या मागून तशीच पळत गेले. दुसरीच्याही मागून. "खो दे ना गं!" सगळ्या ओरडत होत्या. बसायच्या भीतीनं मी खो देत नव्हते. स्वतःची एवढी शिसारी मला कधी आली नव्हती. शेवटी दोन्ही खांबांना वळसा घालून परत आले, कॅप्टनच्या पाठीवर थाप मारली, खो म्हणाले आणि तिच्या चौकोनात खाली गेले.

गुडघा अर्ध्यावर अडला. पाय बाहेर राहिला, संडासात राहायचा तसाच, भर मैदानात. "पाय आत!" पंच ओरडले. मी दोन्ही हातांनी नडगी धरली आणि पाय आत ओढला. काहीतरी करकरलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण टाच रेषेच्या आत आली. मी बसले होते. इतर पोरींसारखी, उकिडवी, माझ्या चौकोनात.

आता पाठीवर थाप पडायची वाट बघायची. उजवीकडच्या पोरीला खो मिळाला. मग डावीकडचीला. समोरच्या संघातली एकजण माझ्या अगदी बाजूनं निसटली, मी उठले असते तर सापडली असती. मागून आमच्या पोरीची पावलं जवळ आली आणि पुढं निघून गेली. डाव संपेपर्यंत मी तशीच बसून होते.

"तुला तकलीफ नको म्हनून आमी ठरवलं व्हतं," कॅप्टन नंतर म्हणाली, प्रेमानंच. त्या प्रेमाची मला मिसरीच्या बोटांपेक्षा जास्त किळस आली.

तेवढ्यात माय आली. तिचा चेहरा फुलला होता. "बसली की गं माझी बाई! बघ, बिब्ब्यानंच गुण दिला." तिनं मला फिरवलं, मागून पुढून न्याहाळलं आणि बाकीच्या पोरींकडं बोट दाखवलं. त्यांच्या पांढऱ्या टी-शर्टांवर मुरमाच्या तांबड्या धुळीचे पंजे उमटले होते, एकावर एक.

"त्याइचे कपडे बघ कसे मळले," माय कौतुकानं म्हणाली. "तुझी पाठ कशी साफ हाय."